पंचमाजवळची गुणगुण

कावेरीकाठचा पुरुष गायक बहुधा एक कट्टैच्या आसपास गातो. आपल्याकडे त्यालाच पांढरी एक म्हणतात. या पट्टीत तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर बोलते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. स्टुडिओत दोन यंत्रं चुकीच्या पद्धतीने जोडली की ध्वनिमुद्रणात जी गुणगुण शिरते तिच्यात ५० आणि १०० हे दोन्ही स्वर असतात, शिवाय त्यांच्या वरच्या पटी. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि पंचम स्थिर उभा राहत नाही. गायिका पाच कट्टैवर, म्हणजे पांढरी पाचमध्ये, गात असेल तर तिचा षड्ज १९६ वर असतो आणि विजेची चौपट २०० वर. तिथे हेलकावे चार, आणि तेही थेट षड्जावर.

ही गुणगुण नंतर संगणकावर काढून टाकू, असं पुष्कळांना वाटतं. पाश्चात्त्य पॉप गाण्यात ते काही प्रमाणात जमतंही. अखंड तंबोरा असलेल्या संगीतात मात्र १०० हर्ट्झवर चालवलेली कात्री ९८ च्या पंचमालाही कापते. गुणगुण गेली तर तंबोऱ्याचा भराव तिच्याबरोबर जातो. म्हणून बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड यंत्रं एकमेकांना कशी जोडावीत हा प्रश्न आपल्या संगीतात स्वराचाच आहे, असं मी मानतो.

हा प्रश्न जिथे पडतो अशा गावांपैकी एक ओरत्तनाडु, तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मराठी माणसाला ते मुक्तांबाळ छत्रासाठी माहीत असावं. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळच्या नावाने तिथे छत्र बांधलं. त्यात वाटसरूंना जेवण होतं आणि विद्यार्थ्यांना शिक्षण. ज्या मराठी दरबाराने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला आणि ज्याच्या छायेत मराठी कीर्तन तमिळ हरिकथेत मुरलं, त्याचीच ही खूण. साकी, दिंडी, ओवी हे छंद तमिळ कथाकारांच्या तोंडी बसले ते याच मुलखात. तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते, आणि अशा घरांतल्या कपाटात भजन-कीर्तनाच्या, आजी-आजोबांच्या बोलण्याच्या कॅसेटी असतात. त्या कॅसेटी आता डिजिटल करायच्या, वीणा ध्वनिमुद्रित करायची, फोनवरच्या श्रुतीच्या साथीने गाणं घ्यायचं, तर प्रत्येक वेळी एक अनबॅलन्स्ड यंत्र एका बॅलन्स्ड यंत्राला जोडावं लागतं. ही अडचण ओरत्तनाडूची तशी औसा-उमरग्याचीही. तालुक्याच्या गावातला स्टुडिओ म्हणजे बहुतेकदा घरातली मागची खोली, तीत व्यावसायिक दर्जाचा एक ऑडिओ इंटरफेस आणि भोवती घरगुती दर्जाची बाकी सगळी यंत्रं.

बॅलन्स्ड लाइन म्हणजे काय, याबद्दलचा गैरसमज व्यवसायातल्या जाणत्यांमध्येही घट्ट आहे. दोन तारांत एकच सिग्नल, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा, असं सांगितलं जातं. तसं असू शकतं, पण असायलाच हवं असं नाही. खरी अट एवढीच की दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातला अडथळा, म्हणजे इंपिडन्स, सारखा हवा. तो सारखा असला की बाहेरून येणारा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि घेणारं यंत्र दोघींतला फरक तेवढा उचलत असल्यामुळे वजा होऊन जातो. दुसऱ्या तारेवर सिग्नल शून्य असला तरी चालतं. अनेक इंटरफेस आणि कीबोर्ड याच पद्धतीचे असतात. त्यांना इंपिडन्स-बॅलन्स्ड म्हणतात आणि ती काही फसवणूक नव्हे. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला, आणि २००० साली आयईसी ६०२६८-३ या मानकातली उपद्रव-निवारण मोजण्याची पद्धत त्यानुसार बदलली गेली.

मूळ कल्पना टेलिफोनची. सुरुवातीच्या टेलिफोन लाइनींना एकच तार असे आणि परतीचा रस्ता जमिनीतून. शेजारच्या तारायंत्राचा खडखडाट त्यात सरळ ऐकू यायचा. पिळलेल्या दोन तारांचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळालं. पाव इंची जॅकसुद्धा टेलिफोन एक्स्चेंजमधूनच स्टुडिओत आला. पुढे रेडिओने हीच व्यवस्था उचलली. समारंभाच्या जागेहून आकाशवाणी केंद्रापर्यंत आवाज न्यायचा तर तो ट्रान्सफॉर्मर लावलेल्या बॅलन्स्ड टेलिफोन लाइनीनेच जायचा. घरगुती रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक यांना तेवढं अंतर कापायचं नव्हतं. तिथे एक तार आणि भोवती जाळी एवढ्यावर भागलं, आणि आरसीए प्लग घरोघर पोचला. एकीकडे लांब पल्ल्याची यंत्रं, दुसरीकडे एका टेबलावर मावणारी. लहान स्टुडिओत या दोन कुळांची गाठ पडते.

अशा एका तारेच्या, म्हणजे अनबॅलन्स्ड, लाइनीत जाळीला दोन कामं करावी लागतात: बाहेरचा उपद्रव अडवायचा आणि सिग्नलची परतीची वाटही व्हायचं. त्रास इथूनच सुरू होतो. दोन यंत्रं विजेला जोडलेली असली की त्यांच्या पेट्यांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. पॉवर सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरांतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी अशी थोडी गळती सतत चालू असते आणि ती गळती जाळीतून वाहते. समजा जाळी आणि तिचे सांधे मिळून १ ओहम आहेत आणि गळती ३०० मायक्रोअँपिअरची. मग ३०० मायक्रोव्होल्टची गुणगुण सिग्नलमध्ये मिसळली. घरगुती यंत्राची नेहमीची पातळी, जिला उणे १० डीबीव्ही म्हणतात, ०.३१६ व्होल्टची असते. म्हणजे गुणगुण सिग्नलपेक्षा जेमतेम ६० डेसिबल खाली. व्यावसायिक पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. दोघांतलं अंतर सुमारे १२ डेसिबल. कॅसेट डेकचा आवाज इंटरफेसमध्ये कमी पडतो म्हणून आपण गेन १२ डेसिबल चढवतो, तेव्हा जोडणीतली गुणगुणही तितकीच वर येते. त्या ६० डेसिबलच्या अंतरात आलापीचा शेवट, श्वास, तंबोऱ्याचा विरत जाणारा स्वर सगळं बसवायचं असतं. ती जागा पुरत नाही.

आता अनबॅलन्स्ड यंत्रातून बॅलन्स्ड इनपुटमध्ये जाताना काय करायचं? बाजारात मिळणारी तयार केबल बहुधा एका तारेची असते. आरसीएची मधली पिन माइकच्या तीन-पिनी एक्सएलआर प्लगच्या पिन २ ला, आणि जाळी पिन १ व ३ दोन्हींना. आवाज येतो, पण इनपुटचा बॅलन्स्डपणा वाया जातो, कारण जाळीतली गळती पुन्हा सिग्नलच्याच वाटेवर राहते. योग्य केबल दोन तारा आणि जाळी असलेली, माइकची असते तशीच. एक तार आरसीएच्या मधल्या पिनेपासून पिन २ पर्यंत. दुसरी तार आरसीएच्या बाहेरच्या कडीपासून पिन ३ पर्यंत. जाळी त्याच कडीपासून पिन १ पर्यंत. दुसरी तार आणि जाळी यांची गाठ फक्त पाठवणाऱ्या टोकाला पडते. आता गळती जाळीतून जाते, आणि घेणारं यंत्र कडीवरचं व्होल्टेज वेगळ्या तारेने मोजून वजा करतं. खर्च जवळजवळ तेवढाच, काम फक्त डाख देण्याचं.

यात एक सुधारणा आहे आणि ती फारशी कुणी करत नाही. डेकच्या आउटपुटचा स्वतःचा अडथळा समजा ६०० ओहम आहे. तो पहिल्या तारेत आला, दुसऱ्या तारेत मात्र काहीच नाही, म्हणून तारा पुन्हा विषम झाल्या. घेणाऱ्या यंत्राचा प्रत्येक पायाचा जमिनीकडचा इंपिडन्स १० किलोओहम धरला, तर ६०० भागिले १०,००० या हिशेबाने निवारण २४ डेसिबलच्या आसपासच थांबतं. त्याच ६०० ओहमचा एक रेझिस्टर दुसऱ्या तारेत, पाठवणाऱ्या टोकाला, आरसीए प्लगच्या टोपणातच डाख देऊन बसवला की तारा सारख्या होतात. विषमता ६०० वरून १० ओहमवर आली, तर तोच हिशेब ६० डेसिबल सांगतो. रेझिस्टरची किंमत चहाच्या कपाहून कमी. जुन्या कॅसेटींसाठी मी याच केबलचा आग्रह धरीन.

वीणेची गोष्ट निराळी. तंजावर वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या अंगावर चिकटवलेला पिकअप बहुधा साधा पीझो असतो, आणि पीझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. तो २ नॅनोफॅरडचा धरू. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला तो थेट जोडला तर सुमारे ८,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. वीणेचा खर्ज नाहीसा होतो, उरतो नखांचा खरखराट. १ मेगाओहमच्या इनपुटला हीच सीमा ८० हर्ट्झवर येते आणि वीणा वीणेसारखी ऐकू येते. म्हणून पीझोसाठी अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी पेटी) हवा किंवा इंटरफेसवरचं वाद्यासाठीचं हाय-झी इनपुट. डीआय वादकाच्या पायाशी ठेवावा. त्याच्या अलीकडची अनबॅलन्स्ड तार दोन-तीन मीटरच्या आत, आणि पलीकडची बॅलन्स्ड तार हवी तेवढी लांब.

फोनवरच्या श्रुती-अॅपच्या बाबतीत सर्वांत चकवणारी चूक होते. फोनला लावायच्या ३.५ मिलिमीटर स्टिरिओ प्लगला तीन भाग असतात, स्टुडिओच्या बॅलन्स्ड प्लगलाही तीनच. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून सरळ केबलने जोडले जातात. फोनच्या प्लगचे तीन भाग म्हणजे डावा आवाज, उजवा आवाज आणि सामाईक परतीची वाट. बॅलन्स्ड इनपुट मात्र पहिल्यातून दुसरा वजा करतं. श्रुती दोन्ही बाजूंना एकसारखी असते, म्हणून वजाबाकी शून्य. मीटर हलत नाही आणि माणूस फोन बदलत बसतो. गाण्याचा ट्रॅक असेल तर मधोमध ठेवलेला गळा गायब आणि कडेचा प्रतिध्वनी तेवढा शिल्लक. उपाय सरळ आहे: डावा-उजवा वेगळे करणारी केबल वापरून दोन इनपुटं घ्यायची. एकाच इनपुटात न्यायचं असेल तर दोन्ही तारा नुसत्या एकत्र पिळू नयेत, कारण एक आउटपुट दुसऱ्यावर दाब देतं. प्रत्येकीत एक किलोओहमच्या जवळपासचा रेझिस्टर घालून मगच त्या एकत्र आणाव्यात.

फोन किंवा कीबोर्ड एक्सएलआरमधून माइकच्या इनपुटला जोडण्यात आणखी एक धोका आहे, तो फँटम पॉवरचा. माइकला केबलमधूनच वीज पुरवणारी ४८ व्होल्टची ही सोय नॉयमानने १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ या माइकबरोबर आणली. बॅलन्स्ड माइकला ती उपकारक, कारण दोन्ही तारांवर व्होल्टेज सारखंच असतं. पिन ३ जमिनीला जोडलेल्या अनबॅलन्स्ड केबलमधून मात्र ते ४८ व्होल्ट ६.८ किलोओहममधून थेट फोनच्या आउटपुटात शिरतात. ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय मध्ये असेल तर हा मार्गच बंद होतो. नसेल तर आधी फँटम बंद करावी, थोडं थांबावं, मग प्लग लावावा.

उलट दिशा, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुटातून अनबॅलन्स्ड यंत्रात जाणं, अधिक अवघड आहे. मिक्सरमधून घरगुती अँप्लिफायरला किंवा जुन्या डेकला सिग्नल द्यायचा असतो तेव्हा ही गाठ पडते. प्रश्न एकच: पिन ३ चं काय करायचं? एकजण सांगतो जमिनीला जोडा, दुसरा म्हणतो मोकळी सोडा. दोघांचाही अनुभव खरा असतो, कारण उत्तर आउटपुटच्या आतल्या रचनेवर अवलंबून आहे.

इंपिडन्स-बॅलन्स्ड आउटपुट असेल तर काहीही केलं तरी चालतं, पिन ३ वर सिग्नल नाहीच. दोन स्वतंत्र अँप्लिफायर सुलट-उलट चालवणारं आउटपुट असेल तर पिन ३ मोकळीच सोडली पाहिजे. ती जमिनीला जोडली तर त्यातला एक अँप्लिफायर शॉर्ट होतो, तापतो, आणि त्याचा विद्रूप प्रवाह यंत्राच्या आतल्या जमिनीवर पसरून दुसऱ्या सिग्नलमध्येही घुसतो. मोकळी सोडल्यावर पातळी ६ डेसिबल कमी होते, ते इथे सोयीचंच. तिसरा प्रकार क्रॉस-कपल्ड आउटपुटचा. एसएसएम २१४२ किंवा डीआरव्ही १३४ या चिपवर बांधलेला हा प्रकार ट्रान्सफॉर्मरची नक्कल करतो. यात पिन ३ जमिनीला जोडावी लागते, आणि तीही यंत्राच्या जवळच्या टोकाला. दूरच्या टोकाला जोडली तर आउटपुट अस्थिर होऊ शकतं. चौथा म्हणजे खराखुरा ट्रान्सफॉर्मर असलेलं जुनं आउटपुट. तिथे पिन ३ मोकळी सोडली तर वर्तुळच पूर्ण होत नाही, आवाज येत नाही किंवा अगदी पातळ येतो.

पुस्तिकेत प्रकार दिलेला असतो. पुस्तिका हरवलेली असेल आणि प्रकार कळत नसेल तर पिन ३ मोकळी सोडून सुरुवात करावी. फार तर आवाज कमी येईल किंवा येणारच नाही, काही जळणार नाही. मात्र खरं निर्धास्त उत्तर आहे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. चारही प्रकारांना तो चालतो, कारण पाठवणाऱ्या बाजूला दोन्ही तारा त्याच्या वेटोळ्यात संपतात आणि दोन यंत्रांच्या जमिनी एकमेकींना भेटतच नाहीत. या दिशेला तो घेणाऱ्या यंत्राजवळ ठेवावा आणि पुढची आरसीए तार हातभरच असावी. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो, हलका घेतला तर खर्ज बिघडतो. तरीही लहान स्टुडिओने निरनिराळ्या अॅडॉप्टरांची पिशवी भरण्यापेक्षा एक दोन-चॅनेली, उत्तम ट्रान्सफॉर्मर पेटी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. अॅडॉप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथली चूक जिवावर बेतते. गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं किंवा टू-पिन अॅडॉप्टर लावणं हा उपाय देशभर चालतो. गुणगुण त्याने खरंच कमी होते. पण यंत्राच्या आत फेज पेटीला लागली तर ती पिन हीच फ्यूज किंवा ब्रेकर पाडणारी एकमेव वाट असते. ती तोडल्यावर परतीची वाट म्हणजे माइक हातात धरलेला गायक. दोन यंत्रांच्या जमिनींमधलं गळतीचं वर्तुळ तोडायचंच असेल तर ते सिग्नलच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरने तोडावं. विजेच्या बाजूला कधीही नाही. खोलीला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर चालवावीत. एवढ्यानेच पेट्यांमधला व्होल्टेजचा फरक खूप उतरतो.

ओरत्तनाडूच्या बाजूला वीज हा स्वतंत्र विषय आहे. नोव्हेंबर २०१८ च्या गज वादळाने या पट्ट्यातले विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावं दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा मुलखात इन्व्हर्टर आणि जनरेटर घरातलेच होऊन जातात. स्वस्त इन्व्हर्टरची लाट पायऱ्या-पायऱ्यांची असते. तिच्यातल्या वरच्या पटी कपॅसिटरांतून सहज गळतात, आणि मंद गुणगुणीच्या जागी कर्कश घरघर येते. ध्वनिमुद्रणासाठी शुद्ध साइन लाटेचाच इन्व्हर्टर हवा. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेला नसतो, तो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा विरोध वाढतो, म्हणून पावसाळ्यात शांत असलेला स्टुडिओ मे महिन्यात गुणगुणू लागला तर आधी खड्ड्यात पाणी घालून पाहावं, केबली नंतर बदलाव्यात.

कधी कधी सगळ्या केबली बरोबर असूनही बॅलन्स्ड लाइन गुणगुणते. याचं कारण नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. यंत्राच्या आत पिन १ पेटीला न जोडता सर्किटच्या जमिनीला जोडलेली असते, आणि जाळीतली गळती थेट सर्किटात ओतली जाते. एईएस ४८ हे २००५ चं मानक याच दुखण्यावर आहे: जाळी पेटीलाच जोडा. असं यंत्र हाती आलं तर लाइन पातळीच्या केबलमधली जाळी घेणाऱ्या टोकाला सोडवून पाहता येते. माइकच्या केबलला हे करू नये, फँटमची परतीची वाट जाळीच आहे.

दोष शोधताना लॅपटॉप आधी बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली तर वाट त्याच्या अॅडॉप्टरमधून जाते हे कळलं. मग एकेक केबल उपटत जावं, गेन मात्र बदलू नये. आणि कॅसेटी डिजिटल करणाऱ्यांना एक सांगणं: डेक जोडून, गेन ठरवून, कॅसेट न लावता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि ती फाइल त्या कॅसेटच्या फाइलीशेजारीच ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तंजावरी मराठीत मागे जी घरघर आहे, ती मूळ टेपवरची की आपल्या जोडणीची, हे पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला त्या फाइलीवरूनच ठरवता येईल. जोडणीची निघाली तर टेप अजून शाबूत असेतो पुन्हा उतरवून घेता येते.